दंडावरचं डायल गेज : साखर मोजणाऱ्या चकतीबरोबर काढलेले चौदा दिवस

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग आणि माझ्यापेक्षा वयानं मोठं असलेलं एक ड्रिलिंग. दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर. त्यामुळे मोजायचं कुठलंही यंत्र समोर आलं की किंमत विचारायच्या आधी मी विचारतो, हे किती खोटं बोलतं?

साखर मला नऊ वर्षांची. सकाळी उठून बोट टोचायचं, ११५-१२० आलं की खूश व्हायचं, असा शिरस्ता. पण एप्रिलमध्ये तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, ८.१ आली. डॉक्टरांनी कागदावर गणित करून दाखवलं. ८.१ ला २८.७ नं गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे. उत्तर १८६. म्हणजे दिवसरात्रीची सरासरी १८६ आणि माझं सकाळचं बोट सांगतंय ११८. "मधल्या वेळात काय चाललंय ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. एकदा चकती लावून घ्या," एवढं बोलून त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

चकती म्हणजे दंडाला चिकटवायचा सेन्सर. दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, पाच मिलिमीटर जाड. चौदा दिवस अंगावर राहते आणि मोबाईलवर साखरेचा आलेख काढत बसते. कंपनीचं नाव लिहीत नाही. एकाच घाटाच्या दोन-तीन बाजारात आहेत आणि माझं म्हणणं त्या सगळ्यांना लागू आहे.

पहिली चकती मी ऑनलाइन मागवली, दोनशे रुपये वाचत होते म्हणून. ही माझी चूक. डब्यावर स्पष्ट लिहिलेलं, ४ ते २५ अंशांत ठेवा. मे महिन्यात सांगलीत २५ अंश पहाटे चारला मिळाले तर मिळतात. पार्सल दोन दिवस कुरिअरवाल्याच्या पत्र्याच्या खोलीत पडून होतं, तिसऱ्या दिवशी त्याच्या गाडीच्या डिकीतून दुपारी एकला माझ्याकडं आलं. डबा हाताला गरम लागत होता. तरी लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी मोबाईलवर 'सेन्सर बदला'. कस्टमर केअरला तीन फोन, प्रत्येक वेळी तोच सिरीयल नंबर वाचून दाखवायचा, डब्याचा फोटो पाठवायचा. बदली मिळाली, पण नवव्या दिवशी. तोवर मी विश्रामबागेतल्या एका मेडिकलमधून दुसरी आणली होती. त्या माणसानं माझ्यादेखत फ्रिजमधून काढून दिली. ४,८०० रुपये. पुढं लिहितोय ते सगळं ह्या दुसऱ्या चकतीबद्दल.

लावायला काही लागत नाही. दंडाची मागची बाजू स्पिरिटनं पुसायची, शिक्क्यासारखा अॅप्लिकेटर ठेवायचा आणि दाबायचा. 'टक्' असा आवाज येतो. आतली सुई जाऊन परत येते आणि मागं एक बारीक पातं कातडीखाली सोडते. दुखलं नाही. मुंगीसुद्धा जास्त चावते. मी डावा हात निवडला, कारण लेथचं हँडल उजव्या हातानं फिरतं. नंतर एक तास चकती काहीच दाखवत नाही. आपलं मशीन सकाळी पाच-दहा मिनिटं रिकामं फिरवतो तसं समजायचं.

मग मी माझ्या सवयीवर गेलो. वहीत तीन रकाने आखले. वेळ, बोटाचा आकडा, चकतीचा आकडा. चौदा दिवसांत बावीस वेळा दोन्ही एकदम घेतले. सकाळी उपाशीपोटी बोट ११८, चकती १११. ठीक. रात्री झोपताना १४६ आणि १३९. तेही ठीक. पण एकदा उसाचा रस पिऊन पाऊण तासानं बघितलं तर बोट १९२ आणि चकती १५१. एकेचाळीसचा फरक! माझ्याकडं एवढ्या टक्क्यांनी जॉब, म्हणजे मशीनवर कातलेला तुकडा, चुकला तर गिऱ्हाईक गेटवरूनच परत पाठवेल.

पुतणी वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्यापुढं वही टाकली आणि म्हटलं, "हे बघ, तुमचं विज्ञान." ती हसली. "काका, ही चकती रक्त मोजतच नाही."

आणि खरंच मोजत नाही. कातडीखाली पेशींच्या मधे जे पाणी असतं त्यातली साखर ती मोजते. रक्तातली साखर आधी वाढते, ती त्या पाण्यात झिरपायला पाच-दहा मिनिटं लागतात. हे तिनं सांगितलं आणि माझ्या डोक्यात एकदम भट्टी आली. फौंड्रीत भट्टीचं तापमान मोजणारं थर्मोकपल जाड नळीत घातलेलं असतं, भट्टी तापली तरी काटा मागून येतो. भट्टी स्थिर असली की काटा बरोबर. चढत असली की काटा कमी दाखवणार, उतरत असली की जास्त. चकतीचंही तेच. मोबाईलवर आकड्याशेजारी बाण असतो. बाण सरळ वर असला तर साखर मिनिटाला दोनपेक्षा जास्त वेगानं चढतेय. रस प्यायल्यावर माझी अडीचनं चढत होती असं धरा. दहा मिनिटांचा उशीर म्हणजे पंचवीस तिथंच गेले. उरले सोळा, म्हणजे आठेक टक्के. ते यंत्राचे.

मग तिनं मलाच कोंडीत पकडलं. "आणि तुमचं ग्लुकोमीटर तरी कुठं खरं आहे?" घरच्या ग्लुकोमीटरला आयएसओचं २०१३ सालचं जे प्रमाण आहे, त्यात शंभरच्या वर १५ टक्के इकडंतिकडं चालतं, तेही शंभरातल्या ९५ वेळा. म्हणजे मी ज्याला मास्टर, म्हणजे बाकीची मापं ताडून बघायचं माप, धरून बसलो होतो त्याचीच टॉलरन्स, म्हणजे चालवून घ्यायची चूक, पंधरा टक्के. मास्टरच ढिला, आणि मी जॉबला शिव्या देतोय. माझ्या बावीस जोड्यांचा सरासरी फरक साडेदहा टक्के निघाला. तीन जोड्या वीस टक्क्यांच्या बाहेर होत्या (रात्रीच्या अलार्मचे आकडे ह्यात धरलेले नाहीत, ते पुढं येतील). त्यातल्या दोन पहिल्याच दिवसाच्या आणि तिसरी ती रसाची. पहिल्या दिवशी कातडी अजून दुखावलेली असते, त्या दिवसाच्या आकड्यांवर जाऊ नका.

ह्याच्यामागं कुणी किती डोकं घातलंय हे पुतणीनं पुढच्या रविवारी उलगडून सांगितलं. मला त्यातलं जे आवडलं तेवढंच लिहितो. पात्यावर एक एन्झाइम असतं, ग्लुकोज ऑक्सिडेज, बुरशीपासून काढलेलं. ते साखरेकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं. त्याच्यावर मोजणी करायची कल्पना १९६२ ची, अमेरिकेतल्या लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांची. अडचण अशी की ते एन्झाइम इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हवाली करतं, आणि कातडीखाली ऑक्सिजन साखरेच्या मानानं फारच कमी. साखर भरपूर आणि उचलायला हमाल नाहीत, मार्केट यार्डात हळदीच्या हंगामात होतं तसं. टेक्सास विद्यापीठातल्या अॅडम हेलर या केमिकल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकानं ऑस्मियम धातूचे अणू गुंफलेलं एक पॉलिमर बनवलं आणि एन्झाइमला त्यातच कोंडलं. आता इलेक्ट्रॉन एका ऑस्मियमवरून दुसऱ्यावर उड्या मारत थेट इलेक्ट्रोडवर येतो, ऑक्सिजनची वाट बघत नाही. प्लॅस्टिकला वायरिंग केल्यासारखं. जो करंट येतो तो नॅनोअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरचा अब्जावा भाग मोजायचा. तेही घामानं निथळलेल्या दंडावर आणि शेजारी पाच हॉर्सपॉवरची मोटर चालू असताना. इथं मी टोपी काढली.

दुसरी गोष्ट व्हर्जिनिया विद्यापीठाची. १९८७ साली तिथल्या मंडळींनी एक आलेख आखला, त्याला क्लार्क एरर ग्रिड म्हणतात. (हा क्लार्क वेगळा.) यंत्र किती चुकतं एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्या चुकीमुळं पेशंट भलताच उपचार घेईल का, हा प्रश्न त्यांनी विचारला. २४० च्या जागी २१० दाखवलं तर काही बिघडत नाही, दोन्हीत करायचं तेच. पण ५५ च्या जागी १८० दाखवलं तर माणूस गेला. म्हणून आलेखाचे अ ते इ असे पट्टे. हे वाचून मी पुतणीला म्हटलं, अगं, हे तर आमचं गो-नोगो गेज! भोक किती मिलिमीटरचं आहे ते आम्ही प्रत्येक जॉबवर मोजत बसत नाही, गेज जातंय की अडतंय तेवढं बघतो.

तर ह्या चकतीला मायक्रोमीटर समजून घेतलात तर पस्तावाल. हे डायल गेज आहे. डायल गेज जॉबचा व्यास सांगत नाही, जॉब फिरताना कुठं उचलतोय आणि कुठं बसतोय ते सांगतं. माझा रनआउट, म्हणजे हा चढउतार, कुठं होता ते ह्या चकतीनं तिसऱ्या दिवशी दाखवलं.

भडंग.

संध्याकाळी पाचला शॉपवर चहा येतो. चहा बिनसाखरेचा, त्यात मी पक्का. बरोबर पोरं भडंगाचा पुडा फोडतात, कांदा चिरून, वर लिंबू पिळून. नऊ वर्षं मी मनाशी धरून होतो की बिस्किट नको, खारी नको, भडंग हलकं. वजनाला हलकंच आहे ते. पण आहेत शेवटी चुरमुरे, म्हणजे फुगवलेला तांदूळ, पोटात गेला की लगेच साखर. पाच वाजता १३६ होती. दोन मुठी खाल्ल्या, मी मोजून दोन मुठी सांगतोय, आणि सहा वाजून दहा मिनिटांनी २३८. आलेख असा उभा चढला होता की पोरांना दाखवला तर एक म्हणाला, "शेठ, हा तर आयर्विन पुलाच्या पुराचा आहे." दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तोच चहा, भडंगाऐवजी मूठभर भाजके शेंगदाणे. १३१ ची १४८ झाली, बस. सकाळच्या बोटाला हे कधी दिसलंच नसतं, कारण सकाळपर्यंत सगळं उतरून जात होतं.

त्या मानानं ज्वारीची भाकरी सभ्य निघाली. दीड भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं की साखर पन्नासेकनं चढायची आणि हळू चढायची. भात मात्र भाताच्या वळणावर गेला. इथं पुतणीनं आणखी एक सुचवलं. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिकल कॉलेजात २०१५ साली अकरा मधुमेही माणसांवर साधा प्रयोग झाला. जेवण तेच, फक्त क्रम बदलला. आधी भाज्या आणि चिकन, पाव आणि रस शेवटी. तासाभरानंतरची साखर ३७ टक्क्यांनी कमी भरली. अकराच माणसं, म्हणून मी फार भरवसा धरला नव्हता. पण करून बघायला काय जातंय? आधी काकडीची कोशिंबीर आणि मटकीची उसळ नुसतीच खाल्ली, दहा मिनिटांनी भात. घरची म्हणाली, "अहो, पंगतीला बसलाय का? एकेक पदार्थ काय संपवताय?" चार रात्री असं जेवलो. चारपैकी तीन रात्री शिखर तीस-चाळीसनं खाली राहिलं. चौथ्या रात्री आमरस होता, त्याचा हिशोब सोडा.

आणि हो, माझा आलेख बघून तुम्ही भडंग सोडू नका. माझ्या साडूलाही चकती आहे. आम्ही दोघांनी मिरज रोडच्या एकाच रसवंतीवर, एकाच घाण्यातला अर्धा-अर्धा ग्लास रस प्यायला. माझी उडी ७४ ची, त्याची ४० ची. तो मात्र केळ्यानं उडतो आणि मी तेवढा उडत नाही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेनं २०१५ साली आठशे लोकांना असे सेन्सर लावून हेच दाखवलं होतं. तोच पदार्थ, पण प्रत्येकाची साखर वेगळी वागते. मग त्यांनी पोटातल्या जंतूंची माहिती, रक्ताचे रिपोर्ट आणि खाण्याच्या नोंदी कॉम्प्युटरला शिकवून कुणाची साखर कशानं चढेल ह्याचा अंदाजही बांधला. साडूला हे सांगितलं तर म्हणतो, "म्हणजे मला रस चालतो." माणसाला संशोधनातून हवं तेच ऐकू येतं.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी रात्रीची. चौथ्या रात्री पावणेतीनला मोबाईल बोंबलायला लागला. साखर ५८! घरची उठली, साखरेचा डबा घेऊन आली. मला ना घाम, ना धडधड. बोट टोचलं तर १०९. मी डाव्या कुशीवर झोपलो होतो, दंड दाबला गेला, तिथलं पाणी हललंच नाही आणि चकतीला वाटलं साखर संपली. हे नेहमीचं आहे, माहितीपत्रकात असतंही, पण बारीक अक्षरात. कंपनीनं अॅपमध्येच 'त्या कुशीवर झोपला आहात का?' एवढं विचारलं तर काय बिघडेल? अलार्म बंदच करून टाकावा असं आलं होतं मनात. बरं झालं केला नाही, कारण नवव्या रात्री पुन्हा वाजला. ६१. ह्या वेळी मी उताणा होतो आणि बनियन भिजलेलं. बोट ६४. खरी खाली गेली होती. त्या दिवशी शॉपवर माल उतरवायला मी हमालांबरोबर हात लावलेला, आणि रात्री जेवण कमी. डॉक्टरांनी आलेख बघितला, मागच्या दोन रात्रीही पहाटे सत्तरच्या आसपास रेंगाळलेल्या दाखवल्या आणि संध्याकाळची साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी २ ची १ मिलिग्रॅमवर आणली. ४,८०० त्या एका रात्रीतच वसूल झाले, असं घरचीचं मत आहे. गोळीला हात त्यांनी लावला, मी नाही. तुम्हीही आलेख बघून स्वतःच डॉक्टर होऊ नका.

दुसरी तक्रार चिकटपट्टीची. परदेशातल्या एसीत चौदा दिवस टिकत असेल. इथं पत्र्याखाली, कूलंटच्या वाफेत सातव्या दिवशी कड सुटली. मेडिकलमधली कापडी पट्टी वरून गोल लावली, मध्ये भोक ठेवून. दहाव्या दिवशी दाराच्या चौकटीला ठोकर बसली तीही त्या पट्टीवर निभावली. तिसरी, मोबाईल सहा मीटरच्या पुढं गेला की 'सिग्नल गेला'. शॉपवर मी मोबाईल केबिनमध्ये ठेवतो. परत आल्यावर मधला आलेख भरून निघतो, कारण चकती आठ तासांचं स्वतःजवळ ठेवते. पण मधे अलार्म वाजणार नाही हे लक्षात ठेवा. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या चालू असतील तर आकडा खोटा जास्त येऊ शकतो, हेही पत्रकात आहे, मेडिकलवाला सांगत नाही.

अॅप इंग्रजीत आहे. रिपोर्टमध्ये बघायचा आकडा एकच, ७० ते १८० च्या मधे दिवसाचा किती भाग गेला. जगभरच्या तज्ज्ञांनी २०१९ साली बहुतेकांसाठी ७० टक्क्यांच्या वर असं ठरवलंय, म्हणजे चोवीसपैकी सतरा तास. वयस्कर माणसांना ढील आहे. माझा पहिला आठवडा ५४, दुसरा ६७. भडंग वजा केल्यावरचा.

चौदाव्या दिवशी रात्री बारा वाजून काही मिनिटांनी चकती आपोआप मेली. सकाळी खोबरेल तेल लावून सोडवली, नाहीतर केसांसकट येते. आणि मग जे कुठल्याच माहितीपत्रकात नाही ते केलं. शॉपवर नेली आणि मायक्रोमीटरखाली धरली. (आधी स्पिरिटनं पुसली. घरचीनं दारातच बजावलं होतं.) पात्याची रुंदी ०.४ मिलिमीटरच्या किंचित आत, लांबी व्हर्नियरवर पाचच्या आसपास. बोटानं लवतं इतकं मऊ. भिंगातून बघितलं तर टोकाला दुधाळ साय धरल्यासारखं काहीतरी. पुतणी म्हणाली, शरीर परक्या वस्तूभोवती भिंत बांधायला घेतं, त्याचीच ती सुरुवात असणार. चकती महिनोन्महिने टिकण्यात ही एक मोठी आडकाठी. एमआयटीच्या लोकांनी २०१८ साली पात्यावर झ्विटेरआयॉनिक पॉलिमरचा लेप देऊन बघितला. त्यात धन आणि ऋण भार जोडीनं असतात, ते पाणी धरून ठेवतात आणि प्रथिनं चिकटत नाहीत. उंदरांत आणि माकडांत आकड्यांतली थरथर कमी झाली. दुकानात मला मिळालेल्या डब्यावर असल्या लेपाचा उल्लेख नाही. आला की मी घेणार.

पुढची पायरी म्हणजे चकतीचा आकडा बघून पंपानं आपोआप इन्सुलिन सोडायचं. व्हर्जिनियातच जन्मलेल्या गणिताची चाचणी २०१९ साली छापून आली. टाइप १ चे, म्हणजे ज्यांचं शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही असे, १६८ पेशंट, सहा महिने. ज्यांना आपोआप चालणारा पंप दिला त्यांचा योग्य पट्ट्यातला वेळ ६१ वरून ७१ टक्के. ते इन्सुलिनवर असलेल्यांसाठी. माझ्यासारख्या गोळीवाल्याला त्याचं काम नाही.

आकडेच मागत असाल तर मी दहापैकी साडेसात देतो. दीड गुण रात्रीच्या खोट्या बोंबेचे आणि एक चिकटपट्टीचा कापला. बारा महिने लावायला परवडणार नाही. महिन्याला दोन म्हणजे साडेनऊ हजार, तेवढ्यात माझा एक हेल्पर येतो. वर्षातून दोनदा लावावी, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा औषध बदललं की. वही ठेवून लावावी, काय खाल्लं ते लिहिलं नाही तर नुसता आलेख म्हणजे ड्रॉइंगशिवाय जॉब.

कंपनीनं बदली दिलेली चकती फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीशेजारी आहे. तारीख संपायला डिसेंबर आहे. घरची म्हणते दिवाळीत लावा, म्हणजे फराळाचं काय ते कळेल. मी भाऊबीज झाल्यावर लावणार आहे.